शांघायची नोट आणि माझा शहाणपणा

आमच्या घरात देव नव्हते. आजोबांनी दीक्षा घेतली त्याच आठवड्यात देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीला दिले आणि पुढे त्या कोनाड्यात बुद्धाची वीतभर मूर्ती आली. पण हात धुऊन शिवायचं, पाय लागला तर नमस्कार करायचा, असं घरात काहीतरी लागतंच. आमच्याकडे ते कागद होते. खाटेखाली एक हिरवी पत्र्याची पेटी होती, तिच्यात जातीचा दाखला, शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड, बाबांचं फॅक्टरीतलं नेमणूकपत्र असा सगळा ऐवज असायचा. आई म्हणायची, "माणूस गेलं तर रडून मोकळं होता येतं. कागद गेला तर कचेरीत उभं राहावं लागतं." बेलवलीतलं आमचं घर सखल जागी होतं. पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल धरायची, मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं, आणि पेटीत कितीही डांबराच्या गोळ्या टाका, कसर लागायचीच. आजोबांच्या दाखल्याचा अर्धा सही-शिक्का कसरीने खाल्ला, तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. म्हणून उल्हासनगरला लॅमिनेशनचं मशीन आल्याचं कळलं तशी तिने मला पिटाळलं आणि माझी दहावीची मार्कशीट, जातीचा दाखला, सगळं प्लास्टिकमध्ये घालून आणवलं. बाबांनी त्या मार्कशीटवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "आता ह्याला कुणाच्या बापाची भीती नाही." हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे, म्हणून आधी सांगून ठेवते.

बाबा अंबरनाथच्या फॅक्टरीत टूलरूमला होते. पितळेच्या आणि पोलादाच्या भागांवर नंबर कोरायचे हे त्यांचं काम. दिवसभर आकडे. घरी आले की हाताला पितळेचा वास असायचा, तो साबणाने जायचा नाही. आई सुकटीच्या कालवणात भाकरी कुस्करून त्यांच्यापुढे ठेवायची तेव्हा कालवणाचा, पितळेचा आणि तेलाचा मिळून एक वास यायचा, तो मला अजून कधीतरी उगाच येतो. कोरणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं कोरीव काम दिसलं की राहवत नाही. बाबांना ते नोटांत दिसलं. साध्या, चलनातल्या नोटांत नव्हे. त्यांना वेड होतं ते नमुन्याच्या नोटांचं. साहेबाच्या काळात परदेशी बँकांनी शांघाय, हाँगकाँग, सायगॉन अशा ठिकाणी नोटा काढल्या, आणि खरी नोट कशी दिसते ते कळावं म्हणून पेढ्यांना, शाखांना नमुने वाटले. नोट हुबेहूब, पण नंबराच्या जागी नुसती शून्यं, आडवा लाल अक्षरांत 'स्पेसिमेन' असा शिक्का, आणि सहीच्या जागी दोन भोकं पाडलेली, म्हणजे कुणी बाजारात चालवू नये. बाबा घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून त्यांच्याकडे बघत बसायचे. "बघ सुजे," मला म्हणायचे, "मी आयुष्यभर नंबर मारले. आणि ह्या बाईला नंबरच नाही. किती सुखी आहे." नोटेवर एक बाई असायची, कणसं घेऊन बसलेली, मागे बंदरात जहाज. ती सुखी होती की नाही मला कधी कळलं नाही, पण बाबा ती बघताना सुखी असायचे एवढं खरं.

फॅक्टरीतल्या माणसाला असल्या नोटा कुठून मिळणार? एकदा मुंबईला एका संग्राहकाकडे ते मला घेऊन गेले होते. त्या गृहस्थांनी बाबांचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग अल्बम स्वतःच्याच हातात धरून लांबून दाखवला. परतताना बाबा म्हणाले, "भला माणूस आहे, दाखवलं तरी." मला राग आला होता. बाबांना राग यायला फार वेळ लागायचा; इतका की तो येईपर्यंत प्रसंग संपलेला असायचा. नोटा मिळाल्या त्या गोपालदास दादांमुळे.

दादा उल्हासनगरला चार नंबर कॅम्पातल्या बरॅकमध्ये राहायचे. तरुणपणी ते एका सिंधी पेढीचे कारकून म्हणून शांघायला होते, रेशमाच्या दुकानात. फाळणीनंतर सिंधमधलं घरही गेलं आणि शांघायची पेढीही बसली. एक ट्रंक घेऊन ते इथे आले. त्या ट्रंकेत बँकेने पेढीला दिलेल्या सात नमुन्याच्या नोटा होत्या. बाबा त्यांच्या दारावरची पितळी पाटी कोरायला गेले होते, तिथे ओळख झाली. तेव्हापासून दर रविवारी बाबा सायकल काढायचे आणि पुष्कळदा मला पुढच्या दांडीवर, मोठी झाल्यावर मागे कॅरिअरवर बसवून न्यायचे. शेजारच्या खोल्यांतून पँटी शिवणाऱ्या मशीनींचा आवाज सतत यायचा. सूनबाई, म्हणजे भाभी, गेल्या गेल्या पाण्याबरोबर भाजलेला पापड आणून द्यायची. त्यांच्यात पाहुण्याला नुसतं पाणी देत नाहीत. कधी कोकी असायची, कांदा घातलेली जाड पोळी, दह्याबरोबर. दादा मला 'पुट' म्हणायचे, म्हणजे लेकरू. दादांची नजर हळूहळू जात होती. आधी पेपरातली अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. आणि त्यांच्यात नि बाबांच्यात एक रीत पडली होती. दादा ट्रंकेतून एक नोट काढायचे, बाबांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "मास्टर, तू देख, और मुझे बोल." बाबा भिंग लावून सांगायचे. बाईच्या पदराला किती चुण्या आहेत, जहाजाच्या शिडाची दोरी कुठून कुठे जाते, कडेच्या वेलबुट्टीत एक पान उलटं कसं आहे. दादा डोळे मिटून ऐकायचे. अशी एकेक नोट कितीतरी रविवार चालायची. सांगण्यासारखं काही उरलं नाही की दादा म्हणायचे, "बस. अब तेरी हो गई." अशा सहा नोटा बाबांच्या झाल्या. दहा-अकरा वर्षांत सहा.

सातवी शंभर डॉलरची, सगळ्यांत मोठी, शांघाय शाखेची. ती दादा द्यायचे नाहीत. ती उशाखाली असायची, आणि पूर्ण अंधत्व आल्यावर ते तिला अंगठ्याने बघायचे. त्या नोटांची शाई कागदावर उठून राहिलेली असते. अंगठा फिरवला की बारीक रेघा लागतात. दादा त्या रेघांवरून अंगठा नेत नेत खाली यायचे आणि दोन भोकांपाशी थांबायचे. "इथं मैनेजरची सही असते," म्हणायचे. "माझा बडा भाई तिथंच राहिला. शांघायमध्ये. उसने दी थी मेरे हाथ में." बस, एवढंच. पुढे कधी बोलले नाहीत आणि बाबांनीही खोदून विचारलं नाही. दादांच्या मुलाला मात्र हे सगळं आवडायचं नाही. तो बाबांच्या देखत बोलायचा नाही, पण दादाच हसत हसत सांगायचे, "मेरा लड़का बोलता है, मास्टर नोट के लिए आता है, पापा के लिए नहीं. मैं बोला, अड़े, तू तो नोट के लिए भी नहीं आता." बाबा पण हसायचे. मला ते हसणं तेव्हाही थोडं घाबरल्यासारखं वाटायचं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा कल्याणला एका शाळेच्या हॉलमध्ये नाणी-नोटांचं प्रदर्शन भरणार होतं आणि बाबांना त्यात एक फळी मिळाली. फळी म्हणजे टेबलाचा चार फुटी तुकडा. पण बाबांची चाल बदलली. त्यांनी स्वतः सागाची चौकट केली, नावाची पट्टी कोरली. आईने चौकटीखाली घालायला पांढरं कापड शिवलं. आणि दादा म्हणाले, "सहा क्यों? सात ले जा. शांघाय को लोग देखेंगे." उशाखालून नोट काढून दिली. "रविवारी वापस," एवढंच बजावलं. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. येताना कॅम्पातल्या गर्दीत सायकल चालवली नाही, स्टेशनपर्यंत हातात धरून चालत आणली आणि मी कॅरिअरला हात लावून मागून आले.

प्रदर्शनाला चार दिवस होते. बाबा पहिल्या पाळीला गेलेले. मी चौकट पुसायला म्हणून अल्बम उघडला, तर पाच डॉलरच्या नोटेच्या कडेला कसरीने दाढीच्या केसाएवढी खाच पाडलेली आणि दादांच्या नोटेवर पिवळसर ओलीचा ठिपका. आजोबांचा दाखला आठवला, आईचं न जेवणं आठवलं. आणि बाबांचं ते वाक्य आठवलं, आता ह्याला कुणाच्या बापाची भीती नाही. माझ्याजवळ शिकवणीचे पैसे होते. सातही नोटा वहीत घालून मी उल्हासनगर गाठलं. लॅमिनेशनवाल्याने एकेक नोट उजेडाला धरली. "ये चलती है क्या?" मी म्हटलं, "नाही, सॅम्पल आहे." "हां, छेद मारा हुआ है. फिर टेंशन नहीं. मोटावाला मारूं या पतलावाला?" मी ऐटीत म्हटलं, "मोटावाला." गरम मशीनमधून एकेक नोट बाहेर पडत होती, चकचकीत, ताठ. मी ती गालाला लावून बघितली, ऊबदार होती. आयुष्यात इतकं शहाणपणाचं काम आपण केलं नव्हतं असं मला वाटलं. आज हे लिहिताना त्या मुलीच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

चारचा भोंगा झाला, बाबा आले. हातपाय धुतले, पंच्याने हात कोरडे केले, चटईवर बसले. मी नोटा चौकटीत लावूनच ठेवल्या होत्या. त्यांनी पहिली उचलली, अंगठा फिरवला. ठेवली. दुसरी उचलली. आई चुलीपाशी होती, तिला काही कळलं नाही. सातवीपाशी आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही पण?"

"ही पण, बाबा. मस्त झाल्यात ना? मोटावाला मारून घेतला."

"हं," ते म्हणाले. "चहा टाकायला सांग आईला."

ओरडले असते, हात उगारला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी ओट्यावर त्यांनी मला जवळ बसवलं आणि सांगितलं की संग्रह करणाऱ्यांच्या लेखी आता ह्या नोटा संपल्या. "हे निघत नाही, सुजे. कागद आणि प्लास्टिक एक झालं." मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, "तुला कुठे माहीत होतं. मी तरी कधी सांगितलं? मला वाटायचं, सगळ्यांना कळतंच." प्रदर्शनाला ते गेले नाहीत. त्या चौकटीत पुढे आईने आरसा बसवून घेतला.

रविवारी बाबा दादांकडे निघाले. मी म्हटलं, मीही येते, मी सांगते. ते म्हणाले, "ये. पण बोलायचं नाही." भाभीने पापड-पाणी आणलं. बाबांनी नोट दादांच्या हातात ठेवली आणि लगेच म्हणाले, "दादा, माझ्याकडून चूक झाली. कीड लागू नये म्हणून मी तिला प्लास्टिकमध्ये घातलं." दादांचा अंगठा नोटेवर गेला. वरून खाली गेला, परत वर गेला. भोकं जिथे हवी तिथे थांबला. भोकं प्लास्टिकने बुजली होती. सगळीकडे गुळगुळीत.

"ये क्या दिया?" दादा म्हणाले.

"तीच आहे, दादा. वर प्लास्टिक आहे."

"मेरी नोट दे, मास्टर."

भाभी पुढे झाली. "बाबा, वही है. मैं देख रही हूं ना. वही औरत है, वही जहाज है."

"तूने पहले कब देखी थी ठीक से? तुम सब मिले हुए हो." मग त्यांनी तोंड बाबांच्या दिशेला वळवलं, थोडं चुकलं, भिंतीकडे झालं. "अकरा साल, मास्टर. मला डोळे नाहीत म्हणून? प्लास्टिक में तू क्या डालेगा, मला काय समजणार? लड़का सच बोलता था."

बाबांचे हात मांडीवर होते. मी त्यांच्याकडे बघत होते. एक शब्द, बाबा, फक्त म्हणा की मुलीने केलं. ते म्हणाले नाहीत. आणि मला बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्याची ढाल करून मीही गप्प बसले. खरं सांगायचं तर बाबांच्या आज्ञेपेक्षा मला त्या म्हाताऱ्याच्या आवाजाची भीती वाटली. दादांनी नोट चाचपत चाचपत पुढे सरकवली. "ले जा. ये भी ले जा. मेरी नहीं है." पापड तसाच राहिला.

बाबा पुढच्या रविवारी गेले तर दारातूनच कळलं की दादा झोपलेत. त्याच्या पुढच्या रविवारीही झोपलेले होते. मग बाबांचा रविवार मोकळा झाला. ते शेजाऱ्यांचे स्टोव्ह दुरुस्त करायचे, विळ्यांना धार लावायचे, आणि दहाच्या सुमाराला, जेव्हा निघायची वेळ असायची, तेव्हा सायकलच्या चाकांत हवा भरायचे. भरून सायकल परत भिंतीला लावायचे. आई एकदा म्हणाली, "एवढं काय जीवाला लावून घ्यायचं? कागदच होता." आमच्या घरात हे वाक्य आईच्या तोंडून निघावं, ह्यातच काय ते आलं.

ते बघून एका दुपारी कॉलेज बुडवून मी दादांकडे गेले. दादांनी परत केलेली नोट पेटीतून घेतली, आईच्या शिवणाच्या डब्यातली ब्लेड घेतली. निघत नाही, असं बाबा म्हणाले होते. मला वाटलं, त्यांनी प्रयत्नच केला नाही. एक कोपरा जरी मोकळा झाला, दादांच्या अंगठ्याला त्या रेघा लागल्या, की काम झालं. भाभीने मला आत घेतलं. दादा खाटेवर होते, हाडं नुसती. मी पायाशी बसून सगळं सांगितलं. "दादाजी, बाबांनी नाही, मैंने किया था. नोट तीच आहे. मी आता दाखवते." ब्लेडने कड कापली, प्लास्टिकचा पापुद्रा चिमटीत धरला आणि ओढला. तो निघाला. सहज निघाला. मला इतका आनंद झाला की मी बघितलंच नाही, दादांचं बोट धरून तिथे टेकवलं.

मग बघितलं. रेघा, वेलबुट्टी, ते उलटं पान, सगळं प्लास्टिकला चिकटून माझ्या चिमटीत आलं होतं. खाली पांढरी, कापसासारखी लव राहिली होती.

दादांनी त्या लवेवर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"कोरा कागज," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "पुट, बाप ने भेजा तुझे?"

"नाही दादाजी, शपथ, त्यांना माहीतपण नाही."

"लड़की को भेजा," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जा. मास्टर को बोल, गोपालदास ने माफ किया. नोट रख ले. मेरे को वो सुनाता था, वही बहुत था. बोल, माफ किया."

मी घरी आले, नोट पेटीच्या तळाशी घातली आणि बाबांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? न केलेल्या चोरीची माफी मिळाली म्हणून? आणि ती मिळाली तीही मी त्यांच्या खरेपणाचा शेवटचा पुरावा हाताने सोलून काढला म्हणून? तेव्हा मला वाटलं, हे ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं. हे सगळं मी त्यांच्यासाठी ठरवलं. दुसऱ्यांसाठी ठरवायची खोड मला तेव्हापासूनच होती.

दोन महिन्यांनी दादा गेले. भाभीने निरोप धाडला म्हणून बाबा गेले, लांब उभे राहिले, आले, आंघोळ केली. आईने भाकरी वाढली ती चिवडत बसले. मी पाण्याचा तांब्या भरून ठेवत होते.

"अकरा वर्षं," बाबा म्हणाले, कुणाला असं नाही. "मला वाटलं होतं, जायच्या आधी एकदा तरी काही सांगून पाठवतील. शिव्या का असेनात."

निरोप माझ्याजवळ होता. मी तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि आत गेले. पुढे बाबा सोळा वर्षं जगले. पेटी त्यांनी पुन्हा उघडली नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.